रत्नाचं ताट

"आता हा शेवटचा. काऊचा न्हाई, चिऊचा न्हाई, नुसता माझ्यासाठी," तुळजा म्हणाली आणि तिनं गुरगुट्या भाताचा घास जयाच्या तोंडापुढं धरला.

जयानं मान फिरवली. साडेपाच वर्षांची पोर, पण तिनं एकदा मान फिरवली की ती वळवायची कोणाची टाप नव्हती. ताटात बरोबर अर्धा भात उरला होता. त्यावरचं तूप थिजून गेलं होतं.

"पोट भरलं?"

"व्हय."

"येवढ्याशा भातानं?"

जया हात धुऊन पुढच्या अंगणात खेळायला पळाली. पोलक्यातून तिच्या खांद्याची हाडं वर आलेली दिसत होती. तुळजानं उरलेला भात उचलला आणि मागच्या गोठ्यात जाऊन म्हशीपुढच्या पाटीत ओतला. नऊ महिने हे असंच चाललं होतं. म्हैस मात्र झकास झाली होती.

तुळजाला या घरात आणलं होतं ते पोरीसाठी. ही गोष्ट कोणी लपवलीही नव्हती. पानशेतचं धरण फुटलं त्या पावसाळ्यात जयसिंगाची पहिली बायको रत्ना बाळंतपणात गेली, पोटातलं मूलही गेलं. घोटावड्याच्या या घरात बाप आणि चार वर्षांची लेक एवढीच माणसं उरली. तुळजा तेव्हा अठ्ठावीसची होती. पाठची पाच भावंडं वाढवता वाढवता तिच्या लग्नाचं राहूनच गेलं होतं. पोरं वाढवायची सवय असलेली बाई हवी, म्हणून जयसिंगानं होकार दिला.

लग्नाच्या दिवशी रत्नाची आई लीलाबाई मुठ्याहून आली आणि तिनं स्वतःच्या हातानं तुळजाच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. गेलेली बायको अशी दुसरीच्या गळ्यात राहते, असा रिवाज. "जेवताना पयला घास तिला दाव, मंग तू खा," लीलाबाई म्हणाली. "आन माझ्या नातीला उपाशी ठेवू नगं." तुळजानं दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. त्यातली पहिली तेवढी जमली.

दुसरीसाठी तिनं काय केलं नाही? आंबेमोहराच्या कण्या मऊ शिजवून त्यावर तूप-मीठ. कुळथाचं माडगं, गूळ घालून. तांदळाची उकड ताकातली. दुधात कुस्करलेली भाकरी, कडा काढून टाकलेली. तिखटाचा कण नाही, गुठळी नाही, करपल्याचा वास नाही. जया प्रत्येक पदार्थ खायची आणि अर्ध्यावर उठायची. तुळजानं कमी वाढून पाहिलं, तर त्या कमीतलंही अर्धं. शेजारणी म्हणाल्या, नखरेल आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. जयसिंगाला विचारण्यात अर्थ नव्हता. रत्ना पोरीला काय करून घालायची, हे त्या बाबानं चार वर्षांत कधी वळून पाहिलं नव्हतं.

मागच्या गुरुवारी पौडच्या बाजारात लीलाबाईनं नातीला पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. "येत्या गुरवारी येती," ती जावयाला म्हणाली. "पोर अशीच दिसली तर मुठ्याला घिऊन जाईन."

जयसिंग "बरं" म्हणाला.

"आन मी?" घरी आल्यावर तुळजानं विचारलं.

"तुझं काय? तू हायेसच की," तो म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

तुळजाला फार लागलं ते. पोरीसाठी आणलेली बाई, पोर गेल्यावर या घरात कशाला? आणि खरं सांगायचं तर आता प्रश्न घराचाही नव्हता. जया झोपेत तिच्या पदराचं टोक मुठीत धरायची, सकाळी ते तिला हळूच सोडवून घ्यावं लागायचं. ही सवय आता पोरीची राहिली नव्हती, तिची स्वतःची झाली होती.

सोमवारी दुपारी माडग्याची अर्धी वाटी तशीच राहिली, तेव्हा मात्र तिचा तोल सुटला. "संपव! न्हाईतर बघ!" ती ओरडली. जया रडायला लागली, पण वाटीला हात लावेना. तुळजा तणतणत गोठ्यात गेली. पाटीत वाटी पालथी करणार, तोच मागून येऊन पोर तिच्या हाताला लोंबकळली.

"मावशी, म्हशीला नगं! आईचं हाय ते!"

"आईचं?"

"तू तिला नुसतं दावतीस. देत न्हाईस," जया हुंदके देत म्हणाली. "म्हनून मी अर्धं ठिवती. तू म्हशीला घालतीस व्हय रोज?"

तुळजा शेणातच खाली बसली.

त्या संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली. एक जयाचं, एक रत्नाचं, दोन्हींत सारखा भात, सारखं तूप. जयानं दोन्ही ताटं नीट निरखली आणि मग आपलं चाटूनपुसून संपवलं. दुसरं ताट तुळजानं घेतलं. प्रत्येक घास टाकाला लावून तिनं खाल्ला. ठेच्याशिवाय तिला घास उतरत नसे. पण तो बिनतिखटाचा भात ती सगळा जेवली. मंगळवारी तसंच केलं, बुधवारी तसंच.

गुरुवारी लीलाबाई दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच आली. पिरंगुटपर्यंत यष्टी, पुढं पायी. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली. जया मांडी घालून जेवत होती. समोर रिकामा पाट, आणि त्यापुढं वाढलेलं ताट.

"हे कुनाचं?"

"आईचं," जया भरल्या तोंडानं म्हणाली.

म्हातारीचा चेहरा पालटला. "गेलेल्या मानसाचं ताट पितरात वाढत्यात, वर्साचं येकदा! तू रोज वाढतीस? पोरीला बी तिकडंच धाडायचं हाय व्हय गं?"

ओसरीवरचा जयसिंग उठला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. ते त्याला चांगलं जमायचं.

ताट लपवावं, असं तुळजाच्या सकाळपासून तीनदा मनात आलं होतं. पण मग पोर पुन्हा अर्ध्यावर उठली असती.

"आई, तिचं नखरं न्हवतं," ती म्हणाली. "अर्धं ती रत्नाक्कासाठी ठिवायची. मी म्हशीला घालत हुते, नऊ म्हैनं. माझं चुकलं. तुमी न्याच तिला, पर तिकडं बी दोन ताटं वाढा. न्हाईतर पोर अर्धपोटी ऱ्हाईल."

जया जेवून बाहेर पळाली. लीलाबाई आत आली आणि रिकाम्या पाटावर बसली. पहिला घास तिच्या हातात बराच वेळ तसाच राहिला. नंतर ती जेवली, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, पण तिनं ते पुसलं नाही.

तुळजा ताट घ्यायला वाकली. म्हातारीनं दिलं नाही. ती मोरीत जाऊन बसली, चुलीतली राख घेऊन ते घासत राहिली. मग तिनं ते दोनदा धुतलं.

"पोर हितंच ऱ्हाऊ दे," ती पाठमोरीच म्हणाली. "रोज तिचं ताट वाढायचं मला न्हाई व्हायचं. तू सवत हायेस, तुला जमतंय. मी आई हाय गं."

तिनं ताट पदरानं कोरडं केलं आणि तुळजाच्या हातात दिलं.