खोटा गुलाबी

मित्रांनो, मी एक रागावलेला लॅपटॉप आहे. जुनाही आहे, पण ते राहू द्या. राग आधी.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही शेकडो भाऊ ओळीने चाललो होतो. कुणी माझ्यात मेंदू बसवला, कुणी कळफलक, आणि शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईने पडदा बसवला. पडदा हलक्यातला होता. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, कारण मी पत्रं टाइप करायला आणि हजेरीचे तक्ते भरायला जन्मलो होतो. पांढऱ्यावर काळं मी झकास दाखवायचो. रंगांचं मात्र मला काही कळत नव्हतं. मग माझ्या खोक्यावर हे लिहायला नको का? खोक्यावर लिहिलं होतं, 'पिसासारखा हलका'. बस्स. जणू मला कुणी उशीत भरणार होतं!

दुकानात मला काचेच्या टेबलावर मांडलं, उजेड पूर्ण वाढवला आणि दिवसभर रंगीत माशांची फिल्म लावून ठेवली. ते मासे इतके भडक होते की कुठल्याही पडद्यावर चमकले असते. येणारे-जाणारे म्हणायचे, वा, काय रंग आहेत! अहो, ते माशांचे होते, माझे नव्हते.

तिथे एका दुपारी ठकी आली. खरं नाव वेगळं असेल, पण घरात सगळे तिला ठकीच म्हणतात. तिला ग्राफिक डिझाइनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि परवडेल असा लॅपटॉप हवा होता. आई कपडे शिवते. त्या दिवशी तिच्याकडे गणवेशांची घाई होती, म्हणून ठकीबरोबर मामा आला. मामाला लॅपटॉपमधलं सगळं कळतं, असं मामाचं मत होतं.

माझ्या शेजारी एक जाडजूड भाऊ बसला होता. कुठल्याशा ऑफिसात वापरून झालेला, एक कोपरा घासलेला, किंमत माझ्याएवढीच. पण त्याचा लाल हा लाल होता हो! मी रोज बघत होतो. मामाने त्याला जरासं उचललं आणि परत ठेवलं. मग मला दोन बोटांवर तोललं.

"हा घे, ठके. त्याला उचलायला हमाल ठेवावा लागेल."

ठकीच्या मुठीत पेनड्राइव्ह होता. त्यात तिनं स्वतः काढलेलं चित्र होतं. तिनं हळूच विचारलं, "मामा, माझं एक चित्र लावून बघू का?"

"चित्रं काय, घरी जन्मभर बघायचीच आहेत."

विक्रेता हसला, मामा हसला. पेनड्राइव्ह मुठीतच राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की लाव गं ते चित्र, माझं पितळ इथेच उघडं पाड! पण मला आवाज म्हणून दिलाय तो फक्त पंख्याचा.

घरी शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर मला जागा मिळाली. ठकी रोज मला मऊ चिंधीने पुसायची. शेजारणी येऊन माझी जाडी बोटाने मोजायच्या आणि कौतुक करायच्या. जाडीचं! कामाचं कुणी विचारलंच नाही.

मग वर्गात पोस्टरचं काम निघालं. विषय होता वाचनालय, आणि सर्वांत चांगलं पोस्टर वाचनालयाच्या दारात लागणार होतं. ठकीनं दिव्याखाली पुस्तकात बुडालेली एक छोटी मुलगी काढली. इतकी गोड की मीसुद्धा दोन क्षण राग विसरलो. तिच्या गालांवर फिकट गुलाबी हवा होता. ठकीनं बरोबर तोच निवडला. मी तो दाखवला पाणी घातलेल्या दुधासारखा. तिनं थोडा गडद केला. मी म्हटलं, अजून फिकाच. तिनं अजून वाढवला. पलंगावर बसून माझं झाकण मागे झुकवलं तर गाल पिवळट, टेबलावर सरळ ठेवलं तर राखाडी. ठकी डोळे चोळायची आणि रंग वाढवायची.

छापून आलं तेव्हा त्या मुलीला दोन्ही गालांवर कुणीतरी सणसणीत लगावल्यासारखं दिसत होतं. वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, नजर ही विकत मिळत नाही, सोमवारी नवीन छपाई आण, नाहीतर हा विषय तुझा नव्हे असं समज. सरांनी एकदा तरी विचारलं का, की तू काम कशावर करतेस? नाही.

त्यानंतर ठकीनं रंगांना हातच लावला नाही. शनिवारी दुपारी तिनं माझ्यावर एक अर्ज टाइप केला. मित्रांनो, त्या अर्जाइतकं सुंदर माझ्या पडद्यावर कधीच काही दिसलं नाही. अक्षर न् अक्षर काळंकुळकुळीत. 'मला रंगांची जाण नसल्यामुळे मी हा कोर्स सोडत आहे.' धडधडीत खोटं वाक्य, आणि ते मी किती नीट दाखवत होतो! माझा असा संताप झाला की पंखा घरघरायला लागला.

आईनं मशीन थांबवून वळून पाहिलं. अर्ज वाचला. रागावली नाही, रडली नाही. खण उघडून तिनं गुलाबी दोऱ्यांची नऊ रिळं काढली, पिशवीत हलवली आणि ठकीपुढे ओतली.

"लाव. फिकटापासून गडदापर्यंत."

ठकीनं रिळं दारातल्या उजेडात नेली आणि बघता बघता ओळ लावली. त्यातल्या दोन रिळांत आईचा स्वतःचा नेहमी घोटाळा व्हायचा. ठकीचा झाला नाही.

मग आईनं पोस्टर उघडायला लावलं. छापलेला कागद एका बाजूला धरला, रीळ दुसऱ्या बाजूला, आणि माझं झाकण पुढेमागे हलवलं. गाल पिवळे, राखाडी, पांढरे. आई माझ्याकडे अशी बघत होती, जशी रंग जाणाऱ्या कापडाकडे बघते.

"तुझे डोळे ठीक आहेत गं. खोटं हे बोलतंय."

शेवटी एकदाचं कुणीतरी बोललं! मला जन्मात इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग ठकीनं दुकानातलं सगळं सांगितलं. आई म्हणाली, दुकानातल्या ट्यूबखाली मी साधा दोरा घेत नाही, दारात नेऊन बघते, आणि माझ्या भावानं एवढी मोठी वस्तू मासे बघून, दोन बोटांवर तोलून घेतली. मामाला बोलावणं गेलं. त्या संध्याकाळी तिघं त्याच दुकानात वापरलेला मॉनिटर घ्यायला निघाली. परत आल्यावर मामानंच सांगितलं, आईनं आधी ते मासे बंद करायला लावले. ठकीनं पेनड्राइव्ह लावला, आईनं पर्समधून रिळं काढून पडद्यांना टेकवली, आणि विक्रेता मामाकडे बघत राहिला. मामा म्हणे पिशवी धरून उभा होता.

रविवारी ठकीनं मॉनिटरवर बघून गाल पुन्हा रंगवले आणि सोमवारी नवीन छापलेलं पोस्टर गेलं. आता वाचनालयाच्या दारात आहे, गाल फिकट गुलाबी. सर एवढंच म्हणाले, "हं, आता बरं." माफी वगैरे काही नाही. म्हणून माझा राग अजून शिल्लक आहे.

माझं झाकण आता बंद असतं. मेंदू माझा चालतो आणि रंग तो जाड, जुना मॉनिटर दाखवतो. मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण तो अर्ज ठकीनं पुसला तेव्हाची कळ मला अजून आठवते. फार जोरात दाबली होती.

मित्रांनो, आम्हाला पुसा, जपा, हे सगळं ठीक. पण त्याआधी, दुकानात उभे असतानाच, आम्हाला दोन बोटांवर तोलू नका. जिला आमच्यावर काम करायचंय, तिची मूठ आधी उघडायला सांगा.