होडीतला उंबरठा

गेणू बुडाला नाही, मला तो कामशेतच्या बाजारात तांदळाच्या पोत्यावर बसून भेळ खाताना दिसला, ही थाप पन्नास वर्षांपूर्वी मीच मारली. भेळ घातली म्हणून लोकांचा विश्वास बसला. नुसता माणूस दिसला म्हटलं तर कोण ऐकतं? गावाचं सोडा, त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं ती थाप पदरात बांधली आणि कपाळाचं कुंकू ठेवलं. विशीतली पोर होती ती. मला काही पस्तावा झाला नाही.

गेल्या चैत्रात मात्र पुण्याहून तेजल आली. धरणांच्या तळाशी बुडालेल्या जुन्या होड्या हुडकायच्या आणि कोणती कुणाची ते ठरवायचं, असला तिचा अभ्यास. मळवलीचा फिरोज तिचं यंत्र सांभाळायचा. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत आला की पडद्यावर चित्र उमटतं. आमच्या धरणात, तिकोणा किल्ल्याच्या बाजूला, बुडालेल्या आमच्या जुन्या गावावर त्यांना एक होडी सापडली.

काठावर येऊन तेजलनं विचारलं, "आबा, ही ओळखणारं कुणी आहे का?"

"कुणी न्हाई," मी झटक्यात म्हणालो.

"मी हाय की. सरका," मागून झुंबरबाई म्हणाली.

त्यांच्या रबरी होडीत आम्ही दोघं बसताना ती माझ्या कानाशी पुटपुटली, "त्याची असंल तर आज कुंकू पुसते. तुमच्या भेळीवर लय दिस काढले, भावजी."

खूण सोपी होती. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गेणूनं घराची दारं उखडून त्यांचीच होडी केली आणि उंबरठा बसायला मधोमध ठोकला. झुंबरबाई घरात करायची तसंच रोज सकाळी त्या उंबरठ्यावर हळदीची बोटं ओढायची. मग गेणू वल्हं मारत माणसं पलीकडे न्यायचा. एक दिवस एकटाच होडी घेऊन गेला, तो गेलाच.

फिरोजनं दिवा लावलेला कॅमेरा खाली सोडला. वर अकराचं ऊन, पडद्यावर अमावस्या. मग गाळातून भिंतीचे दगड दिसले, दाराची मोकळी जागा दिसली. आणि अंगणात बैल बांधावा तशी होडी दारापुढं बांधलेली. कलंडलेलीसुद्धा नाही.

"आमचं घर," झुंबरबाई म्हणाली.

"पन्नास वर्षांत दोर कुजायला हवा होता," तेजलचा आवाज बारीक झाला.

"मावशी, तुमचा माणूस शिस्तीचा. पार्किंग बघा कसं केलंय!" फिरोज एकटाच हसला.

कॅमेरा उंबरठ्यावर आला. त्यावर हळदीची पाच बोटं. पिवळीधमक. आजूबाजूला वीतभर गाळ, बोटांवर कण नाही.

"होडी तुमचीच ना, मावशी?" तेजलनं हळूच विचारलं.

झुंबरबाईनं उजवा हात पडद्यापुढं धरला. करंगळीशेजारचं बोट अर्धंच, लग्नाआधी विळ्यानं गेलेलं.

"माझी कायम साडेचार उमटायची," ती म्हणाली. "होडी आमचीच हाय. बोटं माझी न्हाईत."

मी घाईघाईनं म्हणालो, "वैनी, भास असंल..."

"गप बसा! मी हितं पन्नास वर्सं वाट बघतीय, आन् ह्यो घरी जाऊन बसलाय. वर दुसरी आणून!"

पदराचं टोक पाण्यात बुडवून तिनं कुंकू खसाखसा पुसलं. डोळ्यांत टिपूस नाही. नवरा गेलेल्या बाईचं तोंड असं नसतं, सवत आलेल्या बाईचं असतं. "तितल्या बाईला म्हणावं, आता तूच लाव त्याच्या नावाचं," म्हणत तिनं पदर पाण्यात पिळला.

लाल पाणी विरायला हवं होतं. विरलं नाही. गोळा होऊन खाली गेलं, आणि बऱ्याच वेळानं तो लाल थेंब पडद्यावर उतरताना दिसला. दारातल्या काळोखातून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्यानं तो थेंब अलगद बोटावर घेतला आणि आत गेला.

फिरोजच्या हातातली कॅमेऱ्याची वायर सुटली. तेजल डोळे मिटून होडीचा काठ धरून बसलेली.

झुंबरबाई तेवढी पडदा काळा होईपर्यंत बघत राहिली.

"गोरी हाय," ती म्हणाली, आणि फिरोजला होडी वळवायला सांगितली.