शियुमामीचं दीहुआंग

आमच्या वनशिएन तालुक्यात दीहुआंग या औषधी झाडाचं मूळ अस्सल आहे का, हे कुणाला विचारावं लागत नाही. मूळ आडवं कापायचं, आत शेवंतीचं फूल उमटलेलं दिसलं की झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला!

छियाओमामाच्या मुळांत तर असं फूल उमटायचं की औषधवाले दारात उभे राहायचे. तो वाण शियुमामीनं शोधलेला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी खुरपताना वेगळ्याच पानांचं एक झाड तिच्या नजरेस पडलं, आणि मरेपर्यंत तिनं त्याचं बेणं राखलं. ती गेली आणि वाणही खंगायला लागला. पानं चुरगळलेली, त्यावर पिवळे डाग, मुळं करंगळीएवढी.

"रुइ, पांढरा कोट घालून बाटल्यांत झाडं वाढवतेस ना? मग हे वाचव," असं म्हणून मामानं शेवटची सात मुळं माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. "ओढ्याकाठचं शेत आठ वर्षं गहू-मक्यावर ठेवलंय. तिच्या वाणासाठीच."

दीहुआंग एकदा घेतलं की आठ-दहा वर्षं ती जमीन त्याला पुन्हा थारा देत नाही. मामा चौऱ्याहत्तरचा. ही पाळी त्याची शेवटची होती.

रोग विषाणूचा होता. कोंबाच्या अगदी टोकाला, तिळाहूनही बारीक तुकड्यात, तो सहसा पोचलेला नसतो. तेवढंच कापून बाटलीत वाढवायचं, कोंबातूनच कोंब घ्यायचा आणि घाई करायची नाही. मी साठ टोकं कापली, तीन जगली. फेब्रुवारीपर्यंत त्यांची चौदा रोपं झाली. मामा दर रविवारी वाफाळते पाव घेऊन यायचा आणि काचेला नाक लावून मोजायचा.

"चौदाच? एवढ्यानं बांधाचा कोपरासुद्धा भरणार नाही गं."

त्याच सुमारास एका बाटलीत पानाच्या कापल्या कडेला गाठ धरली होती, आणि तिच्यातून गवतासारखे कोंब फुटत होते. आमच्या प्रमुख तुंगबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गाठीतून आलेली पोरं आईच्या वळणावर जातीलच असं नाही. शेतात पाठवायची नाहीत." मला ते पाठ होतं. पण मामाचा तो चेहरा बघवेना. त्या गाठीतून मी तीनशे रोपं काढली. त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे, कुठली कशातून आली हे बाईंनी विचारू नये म्हणून ती चौदाही त्यांच्यातच मिसळली आणि सगळी मामाला लावायला दिली. चिठ्ठी नाही, खूण नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

शेत मात्र असं माजलं की गाव बघायला यायचं. "भाचीनं मामीला परत आणलं," असं मामा सगळ्यांना सांगायचा, आणि मी तिथून सटकायचे.

नोव्हेंबरात खणायला घेतलं. मुळं मनगटाएवढी! मामानं एक बाहीला पुसलं आणि कापलं. आत फूल नाही, नुसतं रताळ्यासारखं पिवळं. दुसरं कापलं. तिसरं कापलं. मग तो विळ्याकडेच बघत राहिला.

"मामा, ही सगळी तिची नाहीत," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

"लावताना तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग चौदाच आहेत म्हणून सांगायचंस! मी चौदा लावली असती. मी काय कुक्कुलं बाळ होतो, भोकाड पसरायला?"

मामानं आजवर माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारच्या शेतातली माणसं उठून उभी राहिली. मला रडू कोसळलं. त्यानं समजूत काढली नाही.

बऱ्याच वेळानं तो बुटक्या स्टुलावर बसला. "रड नंतर. पाटी ओढ इकडे."

कापलेलं मूळ मरत नाही, कापल्या जागी राख दाबली की पुन्हा लावता येतं. त्यानं कापायचं, फूल दिसलं तर मी राख लावून बाजूला ठेवायचं. दोन दिवस राळ्याच्या पेजेवर भागवून आम्ही तीनशेवर मुळं कापली. नऊ फुलं निघाली.

"तुझ्या मामीला अख्ख्या शेतात एकच सापडलं होतं," एवढंच मामा म्हणाला.

हिवाळाभर ती नऊ वाळूच्या खड्ड्यात ठेवली. लावायची कुठे, हा प्रश्न मला छळत होता. ओढ्याकाठची जमीन आता वाया गेली होती, आणि बाकीच्या तुकड्यांची पाळी अजून लांब होती. मी विचारलं की मामा म्हणायचा, "बघू."

एप्रिलात, छिंगमिंग या पितरांच्या सणाला, आम्ही मामीची कबर झाडायला गेलो. गव्हाच्या शेतात, वाडवडिलांच्या कबरींशेजारी, मातीचा उंचवटा. मामाच्या हातात कुदळ होती, खांद्यावर बेण्याची टोपली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उंचवट्याभोवतीच्या वीतभर जमिनीला कधी नांगर लागला नव्हता, तिथं दीहुआंग कधीच झालं नव्हतं.

"शियु," तो खणता खणता म्हणाला, "तुझं तूच सांभाळ बाई. या पोरीच्या बाटल्यांवर माझा भरवसा नाही."

शेवटचा तुकडा त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. "लाव. कोंब वर ठेव, शहाणे."

मी तो लावला, आणि घरूनच लिहून आणलेली बांबूची पट्टी पुढे केली. तिच्यावर होतं: नऊ मुळं, फूल पाहून निवडली, गाठीतली असू शकतील. मामानं ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि सगळ्यात वर मामीचं नाव लिहिलं.