तीन तासांचं विमान

दुबईहून मुंबई, विमानाने तीन तास. सातपाटीत हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं, कारण मासळी विकताना जयवंती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची, "नाशकाला जायला याहून जास्त वेळ लागतो. माझा दर्पण हाक मारली की हजर."

पहाटे तिचा नवरा कमलाकांत गेला आणि हाक मारायची वेळ आली. आग मुलगाच देणार, असं तिने जाहीर करून टाकलं. मढं बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं.

तिची लेक रिद्धी बापाच्या उशाशी होती. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिने बापाचं हगणं-मुतणं काढलं होतं. "आये, मी देते आग," ती म्हणाली.

"पोरीची आग बापाला पोचत नाय," जयवंती सगळ्यांदेखत म्हणाली. "तू चहाचं बघ."

चहा उकळत असताना रिद्धीला दर्पणचा फोन आला. "मी येत नाय. बाबा तर गेलेच, आता येऊन काय करू? तुमी उरकून घ्या. आईला सांग." रिद्धीने सांगितलं नाही. बघू दे वाट, चांगली जिरू दे, असं मनाशी म्हणत तिने चहा गाळला.

आळीत मढं असलं की आळीतली होडी सुटत नाही. डिझेल भरून होड्या खाडीत अडकल्या होत्या. दुपारी एकनाथ तांडेलाने आपल्या होडीतला बर्फ दुसऱ्यांदा आणून टाकला नि विचारलं, "वहिनी, विमान काय वल्ही मारत येतंय?" बायका पदराआड हसल्या.

"उतरला असेल. वाटेत ट्रॅफिक असते," जयवंती म्हणाली. खोटं कशाला बोला, रिद्धीला ते ऐकून गार वाटलं. मग बर्फाचं पाणी बापाच्या पाठीखालून ओटीवर आलं, त्याला वास होता, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. आता सांगून टाकावं म्हणून ती उठली, तर जयवंतीनेच तिला आत ओढलं.

"दर्पण येत नाय. सकाळीच मी फोन लावला, तेव्हा बोलला मला."

"मग बाबांना असं का ठेवलंस?"

"लोक त्याला नावं ठेवतील गो. वाट बघितली, विमान रद्द झालं, असं म्हणता येईल. तू बाहेर जाऊन सांग, तुझं खरं वाटेल. मग तूच दे आग, काय ती."

रिद्धीला रडूही येईना. ती ओटीवर गेली.

"विमान वेळेवर सुटलं," ती मोठ्याने म्हणाली. "दादा त्यात बसलाच नाय. आईला सकाळपासून माहीत हाय. मलापण."

जयवंती उंबऱ्यात मटकन खाली बसली. एकनाथने विस्तवाचं मडकं रिद्धीच्या हातात दिलं. तिरडी भराभर बांधली गेली. जयवंतीला उठवायला कोणी थांबलं नाही. भरती होती तोवर होड्या काढायच्या होत्या.