सहीच्या जागी

सानगडीचं घर विकून लेकीकडे राहायला जायचं ठरलं होतं. साकोलीत वकिलानं करारनामा पुढे ठेवला. माझे यजमान, हिरालाल मास्तर, यांनी डाव्या हातात पेन धरला. लकव्यानं उजवा हात गेलेला. कागदावर नुसती वेडीवाकडी रेघ उमटली.

"राहू द्या, अंगठा चालते," म्हणत वकिलानं स्टँप पॅड सरकवलं.

चालते म्हणे! यांच्या बापानं जन्मभर अंगठा लावला, म्हणून तर या माणसानं अख्ख्या वस्तीला सही करायला शिकवली. मलासुद्धा, लग्नानंतर, चुलीतल्या राखेत बोट फिरवून.

"अंगठा नाही," मास्तर अडखळत म्हणाले. "मी... नाही लावत."

"मंग सौदा कसा होईन, काकाजी?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मीच त्यांचा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. माझ्या मुठीत तो मागे ओढत होता.

"आता बाजूले काकाजीचं नाव लिहा, काकू. तुमाले लिवता येते ना?"

"येते," मी म्हणाले.

मी त्यांचं नाव लिहीत होते, तेव्हा मास्तर मान खाली घालून अंगठा सदऱ्याला पुसत राहिले.