हरवलेल्या म्हशीची गोष्ट

माझ्या मुलाने, जीवनने टॅबलेट आणला तो माझ्या डोळ्यांसाठी. स्वस्तातला होता. पान उलटायला बोट लावलं की थोडा विचार करायचा, मग उलटायचा. पण अक्षर हवं तेवढं मोठं करता येई. बारीक छपाईमुळे सुटलेलं माझं वाचन त्यावर पुन्हा सुरू झालं.

हे मी घरात सांगितलं नाही. कारण सुनयना, माझी नात. चौथीत आहे. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. मराठी नुसती बोलण्यापुरती. इथे तेलंगणात, इंद्रवेल्लीकडच्या शाळेत मी जन्मभर पोरांना मराठी वाचायला शिकवलं आणि माझ्याच नातीला ‘क’ ओळखता येईना. शिकवतो म्हटलं की ती अंगणात पळायची. एका संध्याकाळी मी म्हटलं, "सुनू, मले हे दिसूनच नाही राह्यलं. वाचून दाखवतं का?"

ती लगेच बसली. अडलेलं अक्षर ती माझ्या तळहातावर बोटाने काढायची, मी ते कोणतं ते सांगायचो.

अक्षर एवढं मोठं केलं होतं की पानावर चारच ओळी मावत. "झालं आबा, पान!" म्हणून ती ऐटीत बोट फिरवायची. टॅबलेट विचार करायचा, तेवढ्यात अडलेला शब्द मी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचो. गोष्ट पैनगंगेकाठच्या एका पोरीची होती. तिची म्हैस हरवली होती.

"हे अर्धं अक्षर पुढे काऊन? तेलुगूत तं खाली लटकते."

"तिकडे लटकते. इकडे शेजारी उभं राहते."

"तुमी मास्तर होते ना आबा? आन आता मी तुमची मास्तरीण!"

असे दोन महिने गेले. ती जोडाक्षरांपर्यंत आली. गोष्टीचा शेवट जवळ आला होता.

एका रविवारी जीवनने टॅबलेट हातात घेतला, काहीतरी दाबलं आणि माझ्यापुढे ठेवला. "घ्या बाबा. आता हाच वाचून दाखवते. पोरीले तरास नाही."

टॅबलेटमधून एक बाई बोलू लागली. म्हैस हरवली काय नि सापडली काय, तिचा आवाज तोच.

"बरं झालं, मामाजी," सूनबाई दीपमाला म्हणाली, "हिची तेलुगूची ट्यूशन त्याच टायमाले ठेवता येईल."

"आबा, ही बाई तं अडखळतच नाही!" सुनयना खूश झाली.

"मले तुझाच आवाज पाह्यजे."

"माझं तं लय अडखळते," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून दप्तर घेऊन ट्यूशनला जाऊ लागली.

आठवडाभर मी वाट पाहिली. मग तिला जवळ बोलावलं. ट्यूशनवरून आल्यावर अर्धा तास तरी बसावी, एवढंच मनात होतं. म्हटलं, "सुनू, खरं सांगतो. मले दिसते. तुले वाचता यावं म्हणून मी तसं म्हटलं होतं." आणि तिची खात्री पटावी म्हणून एक पान घडाघडा वाचून दाखवलं.



"मंजे तुमाले दिसत होतं?"

"हो."

"रोज?"

"हो, बाई."

"आन मले वाटे का, मी नाही वाचलं तं तुमचं काई खरं नाही." तिने टॅबलेट माझ्याकडे सरकवला. "मंग मी कोनासाठी वाचून राह्यली होती?"

तुझ्यासाठी, असं मी म्हणालो. मास्तर जे म्हणतात तेच. ती आत निघून गेली. आतून जीवन हसला, "बाबा, मास्तरकी काही सुटली नाही तुमची!"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हाक मारली. "त्या बाईले सांगा वाचाले," आतूनच उत्तर आलं.

टॅबलेट उघडला. ती जिथे थांबली होती तेच पान समोर आलं. मी बोट लावलं. त्याने नेहमीसारखा वेळ घेतला. मग पुढचं पान आलं. म्हैस सापडली की नाही, ते चार ओळींत लिहिलं होतं. अक्षर मोठं होतं. मला सगळं स्पष्ट दिसत होतं.