वकीलपत्र

"मग तिसऱ्यांदा निवडून आला का आजा?" कॉफीची किटली हातात तशीच धरून गनीचाचांनी विचारलं.

"पडला," साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला.

हा अमेरिकन साहेब दुबईत तेल शोधायला आलेला, चाचा त्याच्याकडे खानसामे. तेल अजून सापडायचं होतं, तोवर आजोबांच्या गोष्टी निघत. आजोबा घोड्यावरून पार पश्चिमेला गेले. तिथं ना रस्ता, ना कचेरी. पिंपावर बसून वकिली केली, दोनदा असेंब्लीत गेले. मग सगळं गाव ज्याला फासावर द्यायला निघालेलं, त्याचंच वकीलपत्र घेतलं आणि पुढची निवडणूक हरले.

"निर्दोष होता तो?"

"नाही. पण कुणीतरी बोलायला हवं, म्हणायचे."

चाचांना हे काही पचेना.

दुबईच्या देरा भागात चाचांच्या खोलीत रत्नागिरीकडची, एकाच गावची माणसं राहत. चाचा त्यांचे पुढारी. रोज जेवणाबरोबर ते हा वकीलही वाढत. "आज काय केलान तुमच्या वकिलान?" हमीद चिडवायचा.

त्या जुम्म्याला कुणी विचारलं नाही. खोलीत नवाच आलेला मोहिद्दीन आगबोटीनं गावाहून निघाला, त्याआधीच खोलीतल्या अजीजची आई तिकडे वारली होती. मोहिद्दीननं ते पोटात ठेवलं. अजीजला आज बाजारात दुसऱ्याच कुणाकडून कळलं. चाळिसावासुद्धा होऊन गेला होता.

सगळे एकाच थाळ्यात जेवत. हमीदनं थाळा मांडला. "मोहिद्दीन नको यात. उद्या बिस्तरा उचल म्हणावं. खलास."

"अजीजच्या भैनीनंच सांगितलान," मोहिद्दीन कोपऱ्यातून म्हणाला. "त्याला नोकरी लागल्याबगर सांगू नको, तसाच परत फिरेल."

"अजीजला नोकरी लागून पंधरवडा झाला की!" हमीद म्हणाला.

"मग... तोंड उघडेना."

सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं.

"चुकलाच तो," चाचा म्हणाले. "पण ह्या खोलीबाहेर त्याला कोण हाय? राहू दे त्याला."

"साहेबाच्या आज्याचा वारा लागला तुम्हाला! असला पुढारी नको आम्हाला," हमीद उसळला.

"मग तू हो पुढारी. त्याला राहू दे."

हमीदनं इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या पुढारपणाला कुणी नाही म्हटलं नाही. "राहू दे. पण थाळ्यात नाय."

चाचांनी ताटलीत भात-मासा घेतला आणि कोपऱ्यात मोहिद्दीनसमोर जाऊन बसले. "बिस्मिल्ला कर."

अजीजनं थाळ्याला हात लावला नव्हता. तो उठला, कोपऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"तू होतास ना तिथं," तो म्हणाला. "जाताना काही बोलली आई?"

मोहिद्दीननं हातातला घास खाली ठेवला आणि सरकून त्याला जागा केली.